बाळारामच्या गाठी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘पाणबुड्याची दोरी जीर्ण असल्याने तुटली,’ असं अहवालात लिहून खाली सही ठोकलीत. ती दोरी माझ्याच अंगावर गुंडाळलेली आहे. एकदा बघितलं असतंत तर ही ओळ लिहिताना हात अडखळला असता. पण बघायचंच नव्हतं तुम्हाला.

मित्रांनो, मी सागवानी लाकडाची एक जुनी फिरकी आहे. पतंगाची नव्हे. मी पाण्याखाली जाते, बुडालेल्या जहाजाच्या पोटात. म्हणजे जात होते. आता सीबीडी बेलापूरला साहेबांच्या कार्यालयात, लोखंडी कपाटात, सीलबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून आहे.

जासईजवळच्या एका गावात बाळाराम नावाचा म्हातारा राहतो. जन्मभर त्याने खाडीत मासे धरले. खाडीतली मासळी सरली आणि होडी मोडीत निघाली, तेव्हा तिच्या एका फळीतून त्याने माझ्या दोन चकत्या कापल्या. मधला दांडा त्याचा मुलगा कल्पेश कळंबोलीच्या लोखंड बाजारातून घेऊन आला. मग माझ्यावर साठ वाव पांढरी नायलॉनची दोरी चढली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर. दर दोन वावांवर बाळारामने एक गाठ मारली. प्रत्येक गाठ ओली करून, दातांनी ओढून.

“बाबा, गाठी घालतो का पेढे वळतो? आज व्हनार हाय ना?” कल्पेश चिडवायचा.

“तुज्या जिवाची दोरी हाय ती. गप बस.”

गाठी कशासाठी, तेही सांगते. बुडालेल्या जहाजात गाळ साचलेला असतो. पायात चढवलेला रबरी पंखा जरासा लागला की तो उठतो आणि विजेरी असूनही स्वतःचा हात दिसत नाही. अशा वेळी पाणबुड्या डोळे विसरतो. बोटांत दोरी धरतो, गाठी मोजतो आणि आला तसा बाहेर निघतो. हे काम कल्पेश अंदमानात दोन वर्षं राहून शिकून आला होता. पाठीवर दोन टाक्या, कमरेला तीन विजेऱ्या आणि हातात मी. त्याची बायको भावना म्हणायची, “बायको मी का ही फिरकी? हिला मांडीवर घेऊन बसतोस ती!”

“तू वरची, ही खालची,” कल्पेश म्हणायचा आणि पाठीत धपाटा खायचा.

आमच्या भागात डोंगर फोडून दगड नेला, मागे खड्डा राहिला. त्यात गोडं पाणी भरलं, ऐंशी फूट खोल. या तळ्यावर साहेबांना जलपर्यटन सुचलं. एक जुनी प्रवासी लाँच आणून त्यांनी मुद्दाम तळाशी बुडवली, लोकांनी बुडालेलं जहाज पाहावं म्हणून. उद्‌घाटनाला पाहुणे येणार, लाँचच्या पोटात दिवे पेटणार, वर मोठ्या पडद्यावर ते दिसणार. दिवे बसवायचं काम कल्पेशला दिलं. दिलं म्हणजे तुम्हीच दिलंत, साहेब. हे विसरू नका.

उद्‌घाटनाच्या दिवशी सकाळी कल्पेशने माझ्या दोरीचं टोक पाण्यावरच्या एका नारिंगी डब्याला बांधलं. खाडीचे लोक त्याला बोया म्हणतात. बोया दिसला की खाली कुणाचं तरी जाळं आहे, कुणाचा तरी जीव गुंतला आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सात पिढ्यांचं वैर असलं तरी दुसऱ्याच्या बोयाला कुणी हात लावत नाही. कल्पेशने बोयापासून खाली लाँचपर्यंत दोरी सोडली आणि दाराच्या गजाला सातव्या गाठीशी बांधली. मग आत शिरला. इंजिनाच्या खोलीत पोचलो तेव्हा माझ्यावरून एकोणिसावी गाठ उलगडून गेली होती.

वर काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर भावनाने याच कपाटासमोर उभं राहून सांगितलं, तेव्हा ऐकलं. पाहुणे अर्धा तास लवकर आले. साहेबांना फोटोत तो नारिंगी डबा खुपला.

“हे डबडं काढा रे तिथनं.”

काठावर बाळाराम बसला होता. तो धावला. “बोयाला हात लावू नका! माजा पोर खाली हाय!”

“काका, टेन्शन घेऊ नका. फोटो झाला की परत लावू.”

परत लावू! जणू भिंतीवरचं कॅलेंडर होतं ते.

साहेबांच्या माणसांनी तराफ्यावरून दोरी दोर ओढायच्या चरखीला लावून ओढली. दाराचा गंजका गज निखळला. दारापासून पुढे लाँचचा पत्रा फाटून अरुंद फट पडली होती. ताणलेली दोरी सरकत त्या फटीत जाऊन रुतली. तुटली नाही. एक गाठही सुटली नाही. मग वर हाताला आली तेवढी दोरी त्यांनी कोयत्याने छाटली आणि डबा तराफ्यावर फेकला. फोटो झाला. टाळ्या झाल्या. डबा परत लावायला गेले, तर कुठे बांधायचा ते कुणालाच कळेना.

खाली कल्पेश निघाला होता. गाळ उठलेला, सगळं काळं. मला गुंडाळत, बोटांनी मोजत तो येत होता. अठरा. सतरा. बारा. नऊ. आठ. आठवीनंतर दार यायला हवं होतं. हाताला पत्रा लागला. दोरी फटीतून पलीकडे गेली होती. तिच्या मागोमाग त्याचा हात गेला, खांदा गेला नाही. दार तिथून चार हातांवर डावीकडे होतं. तो उजवीकडे चाचपत गेला. परत दोरीशी आला. पुन्हा उजवीकडे गेला. बाळारामच्या गाठींवर त्याचा एवढा विश्वास, की प्रत्येक वेळी तो दोरीकडेच परत आला. मी लाकडाची. ओरडता येत नाही मला.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या पाणबुड्यांनी त्याला काढलं. हात फटीतून बाहेर होता, सातवी गाठ मुठीत होती.

मग अहवाल आला. दोरी आधीच तुटली होती, म्हणून आम्ही डबा उचलला, असं तुम्ही बाळारामला समजावलंत. म्हाताऱ्याने ओढताना डोळ्यांनी पाहिलं होतं. पण शिक्का मारलेल्या कागदापुढे त्याला स्वतःचे डोळे खोटे वाटायला लागले. “माजीच दोरी कच्ची निंगाली,” म्हणतो. जाळं विणायची सुई त्याने चुलीत घातली. जेवत नाही. बोटं नुसती हवेत गाठी मारत असतात, असं भावना सांगते.

पिशवी उघडून दोरी दाखवा, म्हणत सहा वेळा ती या कार्यालयात आली.

“ताई, सील तोडायचा अधिकार आम्हाला नाही,” कारकून म्हणाला.

“मंग सील न तोडता अहवाल कसा लिवला?”

कारकुनाने पंख्याकडे पाहिलं. “साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेबही व्हाल. समोर बांधलेलं काही सोडण्याआधी, ते कुणी आणि कशासाठी बांधलं, एवढं तरी विचारा. या कपाटात बसून याहून जास्त आशा करायला मला जमत नाही.

आणि साहेब, तुम्हाला एकच विचारते. बाळारामचे दिवस भरत आले आहेत. माझं कापलेलं टोक एकदा त्याच्या बोटांत दिलंत, तर तुटलेलं आणि छाटलेलं यातला फरक तो डोळे मिटून सांगेल. पोराला आपण मारलं, हे ओझं घेऊन तरी तो जाणार नाही. ही पिशवी तो जिवंत असताना उघडणार आहात की नाही? मीटिंग सोडून बाहेर या आणि भावनाच्या तोंडावर उत्तर द्या. हो की नाही?