क्रूसाचा सेफ्टी बेल्ट

वामांत्ला गावातल्या शाळेच्या या बांधकामावर गेल्या पाच महिन्यांत सेफ्टी बेल्ट नीट बांधलेला मी एकदाच पाहिला. छातीचा पट्टा आवळलेला, पाठीवरची कडी जागच्या जागी, दोरीचा हूक डोक्याच्या वर, खांबाच्या सळईत अडकवलेला. नुसतं बघत राहावं असं काम. फक्त बेल्टाच्या आत माणूस नव्हता. लाकडी क्रूस होता.

मी इथली सुरक्षा इंजिनिअर. वय पंचवीस, काम ओरडणं. उंचीवर काम कसं करायचं याचा आठ तासांचा वर्ग मी चार वेळा घेतला. प्रत्येक वेळी अकराही गवंड्यांनी माना डोलावल्या, चहा-बिस्किटं संपवली आणि बेल्टाशिवाय वर गेले. बेल्ट तरी किती? कंपनीने दोन पाठवले होते. एकाची शिवण कुजलेली, म्हणून मी तो कापून टाकला. तेव्हा कंपनीच्या मालमत्तेची नासधूस का केली, याचा खुलासा ऑफिसने माझ्याकडे मागितला. उरला एक.

आणि तो एक सोमवारी सकाळी चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर, रस्त्याच्या बाजूच्या अगदी कडेला, जांभळ्या कागदी फुलांमध्ये उभा होता.

शनिवारी तीन मे होता, म्हणजे गवंड्यांचा सण. क्रूस सजला, पाद्री पाणी शिंपडून गेले, आतषबाजीचे बाण सुटले, बार्बाकोआ मटणाची पातेली रिकामी झाली, पुल्केची दारू प्यायलेल्यांनी न प्यायलेल्यांना घरी पोचवायचं ठरवलं. क्रूस वर चढला, तो बांधकाम संपेपर्यंत तिथेच राहणार. इथपर्यंत माझी हरकत नव्हती.

"कास्तुलो मिस्त्री," मी म्हणाले, "बेल्ट क्रूसाला कुणी घातला?"

"मी." मिस्त्री वयाने एकसष्ट, आवाजाने नव्वद. "मागल्या साली दुसऱ्या साइटवर वाऱ्यानं क्रूस पडला, बाई. आठवड्याभरात या कुकोचा पाय मोडला."

"कुकोचा पाय मोडला, कारण कुकोने बेल्ट घातला नव्हता!"

"क्रूसानंही नव्हता घातला," कुको म्हणाला. "आम्ही दोघंही पडलो."

मी डोळे मिटून दहा अंक मोजले. दहाने काही झालं नाही, म्हणून वीस मोजले.

प्रश्न साधा नव्हता. कंपनीचा नवा नियम: मंगळवारपासून कार्ड नसलेल्याला उंचीवर काम नाही. दहा जणांनी लेखी परीक्षा देऊन कार्डं मिळवली होती. मिस्त्रींना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्यांची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवायची. त्यासाठी कंपनीचे रोहानो साहेब अकरा वाजता येणार होते. नापास झाले तर चाळीस वर्षं विटा रचलेला हा माणूस उद्यापासून गेटवर. काम काय, तर येणाऱ्या ट्रकांचे नंबर वहीत लिहायचे. ज्याला अक्षर येत नाही त्याला. हे ज्याने ठरवलं, त्याला मात्र वाचता येत होतं.

"काढून आणा तो बेल्ट," मी म्हणाले.

कुणी हललं नाही.

"क्रूसाला धर्ममायच हात लावते," कुको म्हणाला.

"मग बोलवा तिला. कोण आहे?"

अकरा जण माझ्याकडे बघू लागले. शनिवारी हातात ताट असताना माझ्या गळ्यात कागदी हार पडला होता आणि मी फोटोपुरती हसले होते. एवढ्यावर माणूस क्रूसाची मानलेली आई होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं. मी जाते. दोन मिनिटांत येते."

"दोन मिनिटांत येतो" हे वाक्य मी पाच महिन्यांत निदान दोनशे वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याला खाली उतरवलं होतं. मी जिन्याशी पोचेपर्यंत मिस्त्रींनी विटांची हातगाडी आडवी लावली. बाजूला माझीच लाल पाटी: बेल्टशिवाय वर जाणाऱ्याला घरी पाठवलं जाईल.

"व्हा बाजूला. तुम्हाला कुठे ती पाटी वाचता येते!" बोलून गेले आणि जीभ चावली.

"पाटी नाही येत," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं ओरडणं पाठ आहे."

"अहो, पण बेल्ट आणायलाच चाललेय! तो आणला नाही तर परीक्षा नाही. उद्यापासून तुम्ही गेटवर!"

"बसेन गेटवर. कडेला वारा आहे, पोरी. तू नाही जायचं."

"मग करायचं काय?"

"आधी कठडा, मग बेल्ट. तूच शिकवलंस, दुसऱ्या तासाला."

"माहीत होतं, तर पाच महिने का नाही बांधला?"

मिस्त्रींनी जरा विचार केला. "तेव्हा वर फक्त आम्हीच होतो."



मग त्यांनी कठडा बांधला. जमिनीवर वासे आणि फळ्या ठोकून चौकटी केल्या, तिसऱ्या मजल्याच्या भिंतीआड उभं राहून खिडक्यांतून वर सरकवल्या, खांबांना तारेने आवळल्या. रस्त्याकडची पूर्ण बाजू तासाभरात बंद झाली. जे काम "जमणारच नाही, बाई" म्हणून पाच महिने रखडलं होतं, ते तासाभरात झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं, पण हेल्मेट होतं.

मी वर गेले, क्रूसाची माफी मागितली, त्याला तारेने बांधलं आणि बेल्ट खाली आणला.

अकराला रोहानो साहेब आले. "हा कठडा नकाशात नाही," म्हणाले.

"माणसंही नाहीत," मी म्हणाले.

मिस्त्रींनी बेल्ट चढवला. एरवी "हे वासरांना बांधायचं" म्हणणारा माणूस, पण आता क्रूसाच्या अंगावरचा म्हणून आधी कपाळाला लावला. उत्तरेकडच्या उघड्या बाजूला आधी हूक अडकवला, मग पाऊल टाकलं. एक चूक नाही.

"बेल्ट मिळाला नाही तर काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"काम नाही करणार."

"बरोबर," म्हणत साहेबांनी शिक्का मारला. फोटोत मिस्त्रींचे डोळे मिटलेले, पण कार्ड झालं. मिस्त्रींनी ते दोनदा उलटंसुलटं केलं आणि टोपीत ठेवलं. मग बेल्ट काढून माझ्या हातात दिला. "घाला परत लेकराला."

मी घातला. खाली आले, तर ते पालथ्या बादलीवर बसलेले.

"हे काय?" साहेब म्हणाले. "उत्तरेची भिंत आज संपवायचीये!"

"बेल्ट नाही, साहेब."

"आजवर कसं चाललं होतं?"

"आजवर कार्ड नव्हतं." त्यांनी टोपीतलं कार्ड पुढे केलं. "काय लिहिलंय, वाचून दाखवा की. मला येत नाही."

साहेबांनी वाचलं: बेल्टशिवाय उंचीवर काम करू नये. मोठ्याने वाचावं लागलं, कारण मिस्त्री म्हणाले की कुकोला कमी ऐकू येतं. वाचून होईपर्यंत बाकीच्या दहा जणांनीही बादल्या पालथ्या घातल्या.

साहेब माझ्याकडे वळले. "काय शिकवलंस तू या लोकांना?"

"तेच शोधतेय, साहेब."

त्यांनी ऑफिसला फोन लावला. "बेल्ट हवेत... हो, आत्ता... थांबा. किती गं?"

"अकरा."

"दहा सांगतो. एक आहे ना वर."

"तो काढून कुणाला द्यायचा, तेवढं तुम्ही सांगा," मिस्त्री म्हणाले. "मी नाही काढायला सांगणार."

रोहानो साहेबांनी मान वर केली. वर जांभळी फुलं वाऱ्याने फडफडत होती आणि क्रूस तसूभरही हलत नव्हता. साहेबांनी मोकळ्या हाताने छातीवर क्रूसाची खूण केली.

"अकरा," ते फोनमध्ये म्हणाले. "आजच्या आज."