सासूची टोपली

माणसं कामावर घ्यायची असली की मालक स्वतः मुलाखतीला बसतात. काढायची असली की मला पुढे करतात. माझ्या दारावर 'मनुष्यबळ विभाग' अशी पाटी आहे. शिवणखात्यातल्या बायका त्याला 'नारळ विभाग' म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

या खेपेला शर्टांची मोठी ऑर्डर हातची गेली. प्रत्येक रांगेतून एक बाई कमी करायची ठरली. मालक म्हणाले, "तुम्हीच ठरवा. फक्त वशिला नको."

वशिल्याची मलाही चीड आहे. आमच्याकडे प्रत्येक मशीनशेजारी टोपली असते, शिवलेली कॉलर तिच्यात टाकायची. महिनाभर जिची टोपली सगळ्यांत हलकी, ती बाई घरी, असं मी जाहीर केलं. रडगाणी नकोत, लांगूलचालन नको. मालकांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती दर महिन्याला लागू केली. मीही जरा फुशारलेच.

खिडकीजवळच्या रांगेत सासू-सून शेजारी शेजारी बसत. हलकी टोपली निघाली सुनेची. मी पत्र दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि "बरं" म्हणून निघून गेली.

आठवड्यानं सासू आली. बसा म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, तिला परत घ्या. मला काढा."

"मावशी, तुमचं काम तर चांगलं आहे."

"माझं नाही ते. मला सुईचं भोकसुद्धा दिसत नाही आता. तीच स्वतःच्या कॉलरी माझ्या टोपलीत टाकायची. म्हणायची, टोपल्या दोन असल्या तरी चूल एकच ना."

"मग आधी का नाही बोललात?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, तुम्हाला या वयात कोण घेणार, मला कुठेही काम मिळेल. कुठे मिळतंय? सगळ्या फाटकांवरून परत आली."

मी तशीच मालकांकडे गेले. नावं न सांगता विचारलं, एकीनं दुसरीच्या टोपलीत काम टाकलं असेल तर?

"फसवणूकच ती," ते म्हणाले. "नावं सांगा. एक गेली असेल तर दुसरीलाही काढू."

मी म्हटलं, "नाही, सहज विचारलं." आणि बाहेर आले.

शिवणखात्यात मुकादम म्हणाला, "मावशींचा हात फार मंदावलाय. सुनेच्या काळजीनं असेल. लागेल मन हळूहळू."

मावशी कापड नाकाशी धरून शिवत होत्या. मध्येच दोरा तुटला. त्यांनी सवयीनं दोऱ्याचं टोक शेजारी पुढे केलं. शेजारच्या मशीनवर झाकण होतं, मीच घालायला लावलेलं.

मी पुढे होऊन दोरा ओवून दिला. त्यांनी मान वर न करता "सुखी राहा" म्हटलं. त्यांच्या टोपलीच्या तळाशी दोन-चार वाकड्या कॉलरी होत्या. महिनाअखेरीला टोपल्या पुन्हा मोजायच्या आहेत, आणि पत्राखालची सही माझीच असणार आहे.