साडूचा तारा

प्राध्यापकांच्या साडूने शोधून काढलं की एक तारा ठरावीक वेळाने मंदावतो, कारण त्याचा जोडीदार तारा त्याच्या आड येतो. वेधशाळेत वाहवा झाली आणि तिथेच काम करणाऱ्या प्राध्यापकांच्या पोटात दुखू लागलं.

"ढग आला असेल," ते बायकोला म्हणाले.

साडूला तोंडघशी पाडायला ते डोळ्यांत तेल घालून ताऱ्याचा प्रकाश मोजत बसले. मोठी घसरण ठरल्या वेळी आलीच. वर, जोडीदार ताऱ्यामागे झाकला जातानाची, साडूच्या नजरेतून निसटलेली बारीक घसरणही सापडली. आता शंकेला जागाच उरली नाही.

"मग गप्प बसा," बायको म्हणाली. "नाहीतर भाऊजींचंच खरं ठरेल."

"गप्प? अगं, बारीक घसरण मी शोधलीय!" म्हणत प्राध्यापक साडूचं म्हणणं सिद्ध करायला धावत सुटले.