पाचव्या सेटचा खेळाडू

संघात छांग्यूचं काम एकच होतं. ज्याच्याशी पुढचा सामना असेल, त्याच्यासारखं खेळायचं. तो घाईने चढाई करणारा असला की छांग्यू आठवडाभर घाईने चढाई करायचा. तो दबा धरून बसणारा असला की हाही दबा धरून बसायचा. समोरच्या संगणकावर बसलेला थेमिन त्याच्यावर हात साफ करून घ्यायचा आणि शनिवारी टीव्हीवर जाऊन खऱ्या माणसाला हरवून यायचा.

कोरियात फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला, त्याच्या पुढचं वर्ष होतं ते. संगणकावरच्या या युद्धाच्या खेळाच्या स्पर्धा तोवर पुष्कळ झाल्या होत्या, पण जो तो आपापल्यापुरता खेळायचा. त्या वसंतात पहिल्यांदाच संघांची व्यावसायिक लीग सुरू झाली. छातीवर कंपनीचं नाव असलेली जॅकेटं आली, सोलच्या एका मॉलमध्ये स्टुडिओ उभा राहिला, काचेच्या दोन खोल्यांत दोन खेळाडू आणि समोर किंचाळणाऱ्या शाळकरी पोरी. संघातली सगळी पोरं एका फ्लॅटमध्ये राहायची, जमिनीवर गाद्या टाकून झोपायची. छांग्यू त्यांत थोरला, चोवीसचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. नूडल्समधलं शेवटचं अंडं कोणाचं, यावरून जुंपली की निवाडा त्याच्याकडे यायचा.

थेमिन त्याच्याच गावचा, कुन्सानचा. बंदराजवळच्या नेट कॅफेत हा पोरगा शाळा बुडवून बसलेला छांग्यूला दिसला होता. छांग्यूने आधी त्याला हरवलं, मग शिकवलं, आणि मग एक दिवस तोच छांग्यूला हरवायला लागला. छांग्यूला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण सोलच्या संघाने त्याला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्याबरोबर आणखी एक आहे, आधी त्याला बघा." त्यांनी थेमिनला बघितलं, आणि मग छांग्यूकडे बघायचं राहूनच गेलं.

त्यात सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. एकदा ते पुढे ढकलून झालं होतं. आता ऑगस्टमध्ये जायलाच हवं होतं. दोन वर्षांहून अधिक. परत येईपर्यंत सत्तावीस, आणि या खेळात सत्तावीसच्या बोटांना कोणी विचारत नाही.

त्याने प्रशिक्षक हान सरांना गाठलं. सर गॅलरीत सिगारेट ओढत उभे होते.

"सर, जायच्या आधी एक सामना द्या. हरलो तरी चालेल."

"तुला चालेल रे. मला चालायला हवं ना?" सर म्हणाले. मग सिगारेट कठड्यावर विझवली. "देतो. शब्द."

त्या शब्दावर छांग्यूने पूर्ण उन्हाळा काढला. त्याच्या जाण्याआधीच्या शेवटच्या सामन्याची क्रमवारी फ्रिजच्या दारावर लागली, तेव्हा पोरं धावत जाऊन बघून आली. "दादा, तुझं नाव आहे." नाव होतं, पाचव्या जागी. एका सामन्यात पाच सेट, दर सेटला वेगळा खेळाडू, आणि तीन जिंकले की सामना संपला. पाचवा सेट बरोबरी झाली तरच खेळला जायचा.

छांग्यूने सरांकडे पाहिलं.

"नाव लिहिलंय," सर म्हणाले. "समोरचे तगडे आहेत. पाचपर्यंत जाणारच."

ते खोटं नव्हतं. सगळे तेच म्हणत होते.

"दादा, टीव्हीवर जायचंय, केस तरी काप," कोणीतरी म्हणालं.

"कशाला? दोन आठवड्यांनी सरकार फुकटात कापून देणारच आहे."

आठवडाभर स्वतःचा सराव करता येईल असं त्याला वाटलं होतं. पण चौथ्या सेटमध्ये थेमिनची गाठ कांगशी होती, आणि कांग म्हणजे त्या मोसमातला सगळ्यांत अवघड माणूस. त्यामुळे छांग्यू दिवसभर कांग होऊन बसला. कांग कुठे थांबतो, कशाला घाबरतो, हरायला लागला की कोणता वेडेपणा करतो, सगळं पुनःपुन्हा करून दाखवलं. स्वतःसाठी वेळ उरायचा तेव्हा बोटं दुखायला लागलेली असायची.

सामन्याला आई आली. कुन्सानच्या मासळी बाजारात तिचा ठेला होता. तो शेजारणीवर सोपवून ती पहाटेच्या बसने निघाली होती. हातात सुकवलेल्या माकुळांचं भलंमोठं गाठोडं. स्टुडिओत पोरींनी तिला पुढची जागा दिली आणि आपटून वाजवायच्या दोन फुगीर काठ्या दिल्या. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. पडद्यावर स्फोट झाला की ती काठ्या वाजवायची, मग तो कोणाचाही असो. एकदा आपल्याच संघाचा तळ उद्ध्वस्त झाला तेव्हा तीच एकटी वाजवत होती. बाकावर बसलेली पोरं खाली मान घालून हसली. छांग्यूही हसला.

पहिला सेट गेला. दुसरा आणि तिसरा आपल्याकडे आला. थेमिन काचेच्या खोलीत जायला उठला तेव्हा त्याने छांग्यूकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. थेमिन जिंकला की सामना संपणार होता.

छांग्यू मांड्यांवर तळवे घासून बोटं गरम ठेवत बसला. सुरुवातीला तो मनापासून थेमिनच्या बाजूने होता. कांग डावीकडून आला, थेमिनने ते आधीच ओळखलं होतं; कांगने माघार घेतली, थेमिनला तेही ठाऊक होतं. सगळं तालमीबरहुकूम चाललं होतं. आणि मग छांग्यूच्या मनात आलं: हर. आलं आणि गेलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण ते आलं आणि बसूनच राहिलं. हर ना. एकदाच हर. पुढच्या रांगेत आई काठ्या मांडीवर ठेवून वळून त्याच्याकडेच बघत होती. त्याला वाटलं, आपल्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं दिसत असेल.

थेमिनचं सैन्य कांगच्या वेशीपर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. आत शिरलं असतं तर खेळ खलास होता. निवेदक ओरडायला लागले, हा थांबला का, कशाची वाट बघतोय? कांगने तेवढ्यात जमवाजमव सुरू केली. मग थेमिनचं सैन्य हललं, कांगने हरताना करायचा तो वेडेपणा केला, थेमिनने तो मोडून काढला, आणि पोरी किंचाळत उभ्या राहिल्या.

बाकावरची पोरं धावली. छांग्यूही धावला. त्याने टाळ्या दिल्या, जॅकेट घातलं, रांगेत उभं राहून प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला.

आई गाठोडं सांभाळत पुढे आली. "तुझा नंबर कधी?"

"नाही आता. आपण जिंकलो. संपलं."

"जिंकलात तर मग तू खेळायचं नाही?"

"असंच असतं ते, आई."

मग छांग्यूला कळायच्या आत ती हान सरांपाशी जाऊन वाकली. "साहेब, मी याची आई. कुन्सानहून आले. एकदा खेळू द्या ना याला. लोक आहेत अजून, जास्त वेळ नाही घेणार तो." आणि गाठोडं तिने दोन्ही हातांनी पुढे केलं.

मागे कामगार वायरी गुंडाळत होते. काचेच्या खोलीतला दिवा कोणीतरी मालवला. हान सर तिच्याहून खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. "माफ करा," ते म्हणाले. गाठोडं त्यांनी घेतलं नाही आणि परतही केलं नाही. ते दोघांच्या हातांत मधल्यामध्ये राहिलं. छांग्यूने येऊन आईचा दंड धरला. थेमिन चार पावलांवर उभा होता, गळ्यात कोणीतरी घातलेला फुलांचा हार तसाच. त्याने सगळं ऐकलं होतं.

बसस्टँडवर आई म्हणाली, "बाजारात सांगेन मी, खेळला म्हणून."

"नको सांगूस."

"टीव्हीवर दिसलास ना पण?"

"दिसलो असेन."

दुसऱ्या दिवशी छांग्यू बॅग भरत होता. बाकीची पोरं जेवायला गेली होती. थेमिन दाराशी येऊन उभा राहिला.

"दादा, मी थांबलो होतो. वेशीपाशी."

"दिसलं सगळ्यांना."

"मला हरायचं होतं. तुझ्यासाठी. पण हात चाललाच."

छांग्यू ताडकन उठला. त्याचा आवाज इतका चढला की त्यालाच तो परका वाटला. "माझ्यासाठी? मी भीक मागायला आलो होतो तुझ्याकडे? खेळाडू म्हणवतोस आणि हरायचं मनात आणतोस? असलं पुन्हा कधी डोक्यात आलं तर खेळ सोड. समजलं?"

थेमिनने मान खाली घातली. "समजलं," म्हणाला आणि निघून गेला.

छांग्यूने पँटची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आपण जे बोललो त्यातला शब्द न् शब्द आपल्यालाच लागू आहे, हे त्याला बोलतानाच कळत होतं. थेमिनच्या मनात निदान दुसऱ्यासाठी आलं होतं. उठून त्याच्या मागे जावं आणि सांगावं, एवढं सोपं होतं. तो गेला नाही. लष्करात दाखल व्हायच्या दिवशी नोन्सानच्या छावणीच्या फाटकाशी फक्त आई होती. संघाचा त्या दिवशी सामना होता.

छावणीत रविवारी टेलिफोनसाठी रांग लागायची. फ्लॅटचा नंबर त्याला पाठ होता. दोन-तीनदा तो रांगेत उभाही राहिला, आणि नंबर आल्यावर आईला फोन केला. लीगचा पहिला मोसम शरद ऋतूत संपला. संघ अंतिम सामन्यात हरला हे त्याला एका नव्याने भरती झालेल्या पोराकडून कळलं. पुढे कंपनीने हात काढून घेतला. फ्लॅट सुटला, पोरं पांगली. थेमिनला दुसऱ्या संघाने घेतलं खरं, पण तिथे त्याला बाकावरच ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात छांग्यू रजेवर घरी आला. आईने मासा साफ करता करता सांगितलं, "तो तुझा थेमिन इथेच आहे. बर्फाच्या कारखान्यात. दिसतो येता-जाता, बोलत नाही फारसा."

कारखान्यासमोरच्या खानावळीत ते बसले. थेमिन रुंद झाला होता, रबरी बूट आणि लालभडक झालेले हात. छांग्यूचे भादरलेले केस बघून तो हसला. माशाचा रस्सा आला. दोघं जेवायला लागले.

"त्या दिवशी मी तुला बोललो," छांग्यू म्हणाला, "ते बोलायचा मला हक्क नव्हता. तू हरावंस असं मलाही वाटत होतं. बाकावर बसून तेच घोकत होतो."

थेमिनने चमचा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी मोजत असल्यासारखा तो बघत राहिला.

"म्हणजे दोघांच्याही मनात तेच होतं."

"हो."

"आणि तरी झालं नाही," थेमिन म्हणाला. "मी थांबलो होतो ना, खरंच सोडून देणार होतो. पण कांगने हालचाल केली, आणि त्यावर काय करायचं ते तू इतक्यांदा करून घेतलं होतंस की माझं मी काही करायच्या आधी होऊन गेलं." मग म्हणाला, "तुझं ऐकून खेळ सोडला असं नाही हं. तसं वाटून घेऊ नकोस. हात दुखायचे. शिवाय सगळे माझ्याहून लहान आले."

तो एकोणीसचा होता.

खानावळवालीने येऊन न मागता आणखी भात वाढला. थेमिन म्हणाला की त्यालाही आता बोलावणं येईल, डिसेंबरच्या आसपास. तेव्हा छांग्यूने त्याला सांगायला सुरुवात केली: थंडीत जायचं तर मोजे दुहेरी घाल, बूट एक नंबर मोठे माग, पहिल्या दिवशी जादा कामाला जुंपण्यासाठी कोणी काय येतं म्हणून विचारलं तर काही येत नाही म्हण.

"काही येत नाही," थेमिन म्हणाला.

"हां. असंच म्हण."

कारखान्याचा भोंगा झाला. थेमिनने पैसे द्यायला खिशात हात घातला, छांग्यूने तो धरला, आणि थेमिन हातमोजे चढवत रस्ता ओलांडून आत गेला.