न घेतलेल्या गाडीचा हप्ता

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. माझा मूळचा निळा रंग आता फक्त सीटखालीच शिल्लक राहिला आहे. नवी होते तेव्हा माझ्या आरशात बघून शेजारचे लोक केस विंचरून घेत.

माझे मालक काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करत. घरात पत्नी आणि लहान मुलगी. एका वर्षी चारचाकी घ्यायचे ठरले आणि माझा सौदाही जवळजवळ झाला. तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मालकांना बजावले, "पन्नाशीनंतर भट्टीसमोर उभे राहू नका. नजर जाईल." निवृत्तीचे वय मात्र साठ होते. मधली दहा वर्षे खायचे काय?

मालकीणबाईंनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "गाडीचा हप्ता भरायचाच. फक्त गाडी घ्यायची नाही."

दर महिन्याच्या पाच तारखेला तो हप्ता म्युच्युअल फंडात जाऊ लागला. हॉटेलातले जेवण आटले, जुने फोन दुरुस्त होऊ लागले आणि मी घरातच राहिले. बाईंचा भाऊ आला की हसायचा. "भाऊजी, हिला ढकलायला रोज येत जाऊ का?"

"ये की," बाई म्हणायच्या, "तेवढंच पेट्रोल वाचेल!"

हळूहळू काटकसरीची चटक लागली. "चालतेय ना? मग राहू दे," म्हणत माझी सर्व्हिसिंग चार वेळा पुढे ढकलली गेली. ब्रेक झिजले. मी करकरून सांगत होते, पण कोणाचे लक्ष गेले नाही. एका संध्याकाळी मुलीला शाळेतून आणताना पुलाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. मालकांनी मला कडेच्या वाळूच्या ढिगात घातले, म्हणून आम्ही तिघेही वाचलो.

"बाबा, बुटात वाळू गेली," मुलगी म्हणाली. तिचे कोपर सोलवटले होते. मालक तिला घट्ट धरून कितीतरी वेळ वाळूतच बसून राहिले.

घरी तिचे कोपर धुता धुता बाई म्हणाल्या, "पुढे सुखानं जगायचं म्हणून वाचवतोय ना आपण? मग आज जगायला नको का? सर्व्हिसिंगचे पैसे वाचले म्हणून मीच खूश होत होते, अहो!"

दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर एक कागद लागला: 'यावर कात्री नाही'. खाली मालकांच्या डोळ्यांची तपासणी, मुलीची फी आणि माझे ब्रेक. पुढे शेअर बाजार पडला, बाईंची झोप उडाली. पण हप्ता थांबला नाही आणि तो कागदही उतरला नाही.

परवा मालकांना पन्नास वर्षे पूर्ण झाली. डॉक्टरांनी सांगितले, नजर शाबूत आहे. फंडातही पुढच्या दहा वर्षांपुरते साठले होते. भट्टीवरच्या शेवटच्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने सवयीने विचारले, "उद्या पहिली पाळी ना, साहेब?"

"उद्या कुठलीच पाळी नाही," मालक म्हणाले, आणि स्वतःच्याच उत्तराने हसू लागले.

त्यांना न्यायला मुलगी मला घेऊन आली होती. आता ती कॉलेजात आहे. "आज तू चालव," म्हणून ते मागे बसले. पुलाचा उतार आला. तिने ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी थांबले.

"काय झालं गं?"

"काही नाही, बाबा. लागतोय का ते बघितलं."

मागे मालकांनी एक दीर्घ श्वास सोडला. इतक्या वर्षांत त्यांचे वजन मला इतके हलके कधीच लागले नव्हते.

मित्रांनो, उद्यासाठी जरूर साठवा. पण जे तुम्हाला आज सुखरूप घरी आणते, त्याची करकर ऐकू आली तर "राहू दे" म्हणू नका.