माशाचं सारवण

आमची नात ज्योत्स्ना पुण्यात जाहिरातीची चित्रं मांडते. फोटोत काय कुठं ठेवायचं, कसं दिसायला हवं, ते ती ठरवते. समुद्रातल्या प्लॅस्टिकविरुद्धची जाहिरात हे तिचं पहिलं मोठं काम. बयेनं प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा बैलगाडीएवढा मासा बांधला आणि आणून ठेवला कुठं? आंदर मावळात, माझ्या अंगणात! म्हणे धरणाचं पाणी फोटोत समुद्रासारखं दिसतं.

"आज्जी, दुपारी आमचे साहेब, शौनक सर, बघायला येतायत. नाही आवडलं तर काम दुसऱ्याला जाईल. तू हात लावू नकोस," एवढं बजावून ती पाण्याकाठी जागा बघायला गेली.

आता पाव्हण्यांपुढं एवढी घाण? मी शेजारच्या हिराला हाक मारली. दोघींनी राखेनं घासून मासा लख्ख केला. वेफर्सची पाकिटं अशी चमकली, की दुकानदारानं पुन्हा भरून विकावीत.

ज्योत्स्ना आली ती मटकन खालीच बसली. "अगं, मला घाणच हवी होती! आता निदान शेणामातीनं तरी मळवा त्याला!"

"मग तसं बोलायचं की! रडू नकं. मळवायला काय शाळा लागती व्हय?"

ती सरांना वाट दाखवायला फाट्यावर गेली आणि मी शेण कालवलं. पण शेणात हात गेला की तो माझं ऐकत नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखं, बोटं उठवून सारवलं. हिरानं वर रांगोळीची चार बोटं ओढली.

सर गाडीतून उतरले. "प्लॅस्टिक कुठंय? ही काय भिंत आहे?"

"भिंतीला शेपूट आसतं व्हय?" मी म्हटलं.

सर फोन लावून दुसरा माणूस शोधायला लागले. पोरीचा चेहरा उतरला. चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. तेवढ्यात माशाच्या पोटावरचा पापुद्रा टपकन पडला. मग पाठीवरचा. प्लॅस्टिकवर शेण धरतंय कुठं! कातडं सोलल्यागत मासा जागोजाग उघडा पडला आणि आतून बाटल्या, पिशव्या डोकावल्या.

सरांनी फोन खाली घेतला. "उचला! असाच पाण्याकाठी न्या! ज्योत्स्ना, कमाल केलीस!"

काम तिलाच राहिलं. फोटो मुंबईत चौकाचौकात लागणार, खाली राबलेल्या सगळ्यांची नावं.

उभ्या जन्मात माझ्या सारवणाचा एक पापुद्रा सुटला नव्हता. मी ज्योत्स्नाला बाजूला घेतलं. "सारवणापुढं माझं नाव घातलंस तर बघ. हिराचं घाल."