भुजंगरावांच्या नावाची व्यायामशाळा

फौजेत भुजंगराव सलग चार वर्षं बॉक्सिंगचे हेवीवेट चॅम्पियन होते. १९८१ साली पेन्शन घेऊन ते घनसावंगीजवळच्या आपल्या गावी आले, पण समोरच्याला आडवं करायची सवय काही पलटणीत ठेवून आले नाहीत. पहिल्या दोन वर्षांतच गावातले सहा जण आडवे झाले. त्यानंतर त्यांच्यासमोर कोणी उभंच राहिलं नाही. ते एसटीत चढले की खिडकीची जागा आपोआप रिकामी व्हायची. भुजंगरावांना वाटायचं, लोक मान देतात.

१९९८ साली गावात व्यायामशाळा झाली. तिला भुजंगरावांचं नाव द्यावं, असा ठराव सरपंच तातेरावांनी ग्रामसभेत मांडला. भुजंगराव पहिल्याच रांगेत बसले होते.

"कोणाचा विरोध?" तातेरावांनी विचारलं.

कोणी खोकलंसुद्धा नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

भुजंगराव खुशीत घरी आले. द्वारकाबाई, त्यांची बायको, भाकरी थापत होती.

"एक माणूस विरोधात न्हाई!"

"तुमी समोर बसल्यावर कोण बोलंल?" द्वारकाबाई म्हणाली.

हे त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तातेरावांना गाठलं. "सभा परत घ्या. चिठ्ठ्या टाकून. मी गावात थांबत न्हाई." आणि सभेच्या दिवशी ते खरोखरच आष्टीच्या बाजाराला निघून गेले.

संध्याकाळी परतले तर तातेराव घराला कुलूप लावून सासुरवाडीला गेलेले. निकाल द्वारकाबाईनंच सांगितला. बाजूने एक, विरोधात एकशे सत्त्याऐंशी.

"ती एक चिठ्ठी तुझी ना?"

"तातेरावांची असंल. माझी विरोधात हाय."

भुजंगरावांनी बाजाराची पिशवी खाली ठेवली. "मी तुला कधी बोट तरी लावलं का गं?"

"न्हाई लावलं. पण सतरा वर्षं झाली, मी हापशावर गेले की बाया मला पयला नंबर देतात अन् गप होतात. कोणी भांडत बी न्हाई माझ्याशी. मला बी वाटतं, कधी तरी भांडावं."

भुजंगराव त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

सकाळी ते रामकिसन टेलरच्या दुकानात गेले. पायजमा तंग झाला म्हणून त्यांनी एकेकाळी रामकिसनचे दोन दात पाडले होते. त्यांना येताना पाहून रामकिसन मशीनखाली शिरला.

"रामकिसन, माफी मागायला आलो."

"दिली!" मशीनखालून आवाज आला.

"अशी न्हाई. भाईर येऊन दे."

रामकिसन बाहेर आला. दुकानासमोर गर्दी जमली. भुजंगरावांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी तुला मारलं व्हतं. आता तू मला मार. मी हलणार न्हाई."

"राहू द्या, भुजंगराव."

"मार म्हणतो ना!"

ते इतक्या जोरात ओरडले की रामकिसनने घाबरूनच डोळे मिटले आणि त्यांच्या गालावर बुक्का हाणला. भुजंगराव जागचे हलले नाहीत. रामकिसन मात्र हात धरून खाली बसला आणि त्याने बोंब ठोकली.

भुजंगरावांनी त्याला उचलून प्रवासी जीपमध्ये घातलं. घनसावंगीच्या वाटेवर ते हळूच म्हणाले, "तू अंगठा मुठीत घातल्ता. भाईर ठेवायचा असतो."

"मंग आधी न्हाई का सांगायचं!" रामकिसन त्यांच्यावर खेकसला. "शिवणकामाचा हात हाय माझा! अक्कल हाय का तुमाला?"

जीपमधली माणसं दाराकडे सरकली. सतरा वर्षांत भुजंगरावांवर कोणी आवाज चढवला नव्हता. ते रामकिसनकडे पाहत राहिले आणि मग पोट धरून हसायला लागले. रामकिसनलाही राहवलं नाही. कण्हता कण्हता तोही हसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुजलेला हात पाहिला आणि भुजंगरावांकडे संशयाने बघत विचारलं, "कोणी मारलं?"

"मी मारलं," रामकिसन छाती काढून म्हणाला. "ह्यांना."

डॉक्टरांनी भुजंगरावांचा गाल निरखला. तिथे साधा ओरखडाही नव्हता.

"लई लागलं," गाल चोळत भुजंगराव म्हणाले.